पातं सोनं, म्यान माती: फिक्स्ड ब्लेड चाकू एक पावसाळा वापरून

कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांच्याशी ईमेलवर माझं अजून वाजतंय आणि निकाल लागायचाय. ज्यांना या फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न मिटणाऱ्या चाकूंचा नाद आहे ते वर्णनावरूनही ओळखतील: साडेचार इंची पातं, ४ मिलिमीटर जाडी, १०९५ कार्बन स्टील, काळं कोटिंग, फुल टँग (पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत), मायकार्टाची (राळेत दाबलेल्या कापडाची) मूठ आणि सोबत तपकिरी चामड्याचं म्यान. किंमत साडेपाच हजारांच्या आसपास. आमच्या घरात या आकड्याला मिक्सर येतो, हे मला बऱ्याचदा ऐकवून झालंय.

स्टील कोणतं, ग्राइंड (धारेचा उतार) कोणता, टँग पूर्ण की अर्धा, यावर जगभर इतकं लिहिलं गेलंय की मी पुन्हा उगाळत नाही. मला बोलायचंय ते म्यानाबद्दल, कारण त्याबद्दल कुणीच धड बोलत नाही. व्हिडिओत माणूस चाकू काढतो, म्यान टेबलाच्या कोपऱ्यात सरकवतो आणि पुढची वीस मिनिटं लाकडं फोडत बसतो. घडीचा चाकू मिटला की झालं. फिक्स्ड ब्लेड मात्र दिवसातले साडेतेवीस तास म्यानात असतो. ते म्यान भिकार असेल तर पातं कितीही भारी असो, तुम्ही तो चाकू बरोबर घेऊन फिरणारच नाही.

आता तक्रार नंबर एक. मुठीला वळसा घालून टिचबटणाने बंद होणारी एक पट्टी असते. बटण उघडल्यावर ही पट्टी बाहेरच्या बाजूला पडायला हवी. माझ्या म्यानाची पट्टी आतल्या बाजूला, नेमकी धारेच्या वाटेत पडते. म्हणजे चाकू बाहेर काढताना धार पट्टीवरून घासते आणि परत घालताना पुन्हा घासते. पहिल्या आठवड्यातच पट्टीच्या आतल्या कडेला केसासारखी रेघ दिसायला लागली. मग तिथलं चामडं पिंजल्यासारखं झालं. पुढे बटणाच्या अलीकडे दोन धागे उरले, आणि इंदूरजवळ चोरलला सहलीला जाताना तेही गेले. चाकू सॅकमध्ये म्यानाबाहेर आला आणि आत घडी करून ठेवलेल्या रेनकोटला हातभर चीर पडली. नऊशे रुपयांचा रेनकोट. हात गेला नाही हे नशीब, पण रेनकोट गेला हे मी विसरणार नाही.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की शीथ ही कॉम्प्लिमेंटरी ॲक्सेसरी आहे, वॉरंटी फक्त ब्लेडवर. बरं, ब्लेडच्या वॉरंटीत काय येतं, विचारलं. गंज येत नाही, धार जाणं येत नाही, टोक मोडणं येत नाही, कोटिंग निघणं येत नाही. म्हणजे पातं मधोमध आपोआप दुभंगलं तर बहुधा येत असावं. चार मिलिमीटरचं पातं आपोआप दुभंगायला काय करावं लागेल, तेही विचारून ठेवलंय.

मग आमच्या इंदूरच्या राजवाड्याकडच्या एका मोच्याला म्यान दाखवलं. त्याने ते उजेडात धरलं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘भिया, बीच में पट्टी तो डाली ही नहीं.’ हे मला कुठल्याच व्हिडिओने सांगितलं नव्हतं. चामड्याचे दोन पदर ज्या बाजूला शिवतात त्या बाजूला, म्हणजे धारेच्या बाजूला, मध्ये चामड्याची अजून एक जाड पट्टी घालायची असते. धार त्या पट्टीवर टेकते आणि शिवण वाचते. माझ्या म्यानात दोन पदर थेट एकमेकांना शिवलेले. त्यामुळे धार दोऱ्यावरच टेकलेली, आणि टोकाकडचे पाच-सहा टाके तेव्हाच कापले गेले होते. त्याने शिवण उसवली, आत पट्टी घातली, मेण लावलेल्या जाड दोऱ्याने पुन्हा शिवली आणि टिचबटणाची पट्टी वाटेतून हटवून बाहेर पडेल अशी लावून दिली. दीडशे रुपये. साडेपाच हजार घेणाऱ्यांना जे सुचलं नाही ते दीडशेत झालं. ज्या शहराची चामड्याची खेळणी जीआय (भौगोलिक मानांकन) मिळवून बसली आहेत तिथे चामड्याची अक्कल बाहेरून मागवायची गरज नव्हती म्हणा.

इथपर्यंतचं पावसाळ्याआधी लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी ‘मोच्याच्या दुरुस्तीनंतर चामडंच उत्तम’ असं वाक्य होतं. ते वाक्य आता काढून टाकलंय.

जुलैत पाताळपाणीला गेलो. धबधब्याचे तुषार, वरून पाऊस. सॅकही भिजली, म्यानही भिजलं. घरी आल्यावर चाकू म्यानातच राहिला, सॅक गॅलरीत टांगलेली. काही दिवसांनी पेरू कापायला काढला तर धारेच्या कडेकडेने, जिथे कोटिंग नसतं तिथे, नारिंगी ठिपके. एका जागी तर म्यानातल्या सुरकुतीचा हुबेहूब छाप गंजात उमटलेला. बाहेरून हाताला म्यान कोरडं लागत होतं, आत मात्र ओल तशीच. चामडं पाणी पितं आणि सावकाश सोडतं. शिवाय कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात थोडीफार उरतात, ती ओलीबरोबर पात्याला लागतात. १०९५ मध्ये कार्बन ०.९५ टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम नावालाही नाही. गंज न धरायला चाकूच्या स्टीलमध्ये १२-१३ टक्के क्रोमियम लागतं. तेव्हा गंज का चढला हा प्रश्नच नाही. प्रश्न असा की, असं पातं पावसाळी प्रदेशात चामड्यात घालून विकावं हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

पात्याबद्दल मात्र माझं मत या काळात चांगलंच सुधारलं. आधी वाटलं होतं की स्टील हलकं निघालं. पण शिलाई मशीनचं तेल आणि बारीक स्टील वूलने घासल्यावर ठिपके गेले, खाली खड्डे नव्हते. मग कोटिंगही घासून काढलं, कारण ते ठिकठिकाणी ओरखडून खरजेसारखं दिसत होतं. कैरी आणि लिंबं कापून कापून पात्यावर आता राखाडी-निळसर थर बसलाय आणि त्यानंतर गंज पुष्कळ कमी. आई म्हणाली, ‘विळीचं हेच असतं, धुवायची, लगेच पुसायची, तेलाचा हात लावायचा. तुझ्या त्या इंग्रजी बायांना माहीत नव्हतं का?’ इंग्रजी बाया म्हणजे व्हिडिओतले दाढीवाले पुरुष. तेलाचं म्हणाल तर खाण्याचं कापणार असाल तर मशीनचं नको, खोबरेल लावा. आमच्याकडे डिसेंबरात ते थिजतं आणि पात्याला धरून राहतं, हा फायदाच.

धार उत्तम टिकते, आणि गेली तर पटकन येते. दोनतोंडी कार्बोरंडमचा दगड सियागंजला हार्डवेअरवाल्यांकडे मिळतो, तो पाण्यात भिजवून दहा मिनिटं. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याला मात्र हे पातं देऊ नका. ठिणग्या उडतात तेव्हा धारेची बारीक कड इतकी तापते की तिचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. कड निळी दिसली की समजा गेली.

लाकूड फोडण्याबद्दल थोडक्यात. चार मिलिमीटरची जाडी लोक त्यासाठीच घेतात. आपल्या माळव्यात सहलीला दाल-बाफले होतात आणि बाफले (कणकेचे गोळे) कंड्यांवर, म्हणजे गोवऱ्यांवर भाजतात. गोवरी फोडायला फुल टँग लागत नाही. त्या जाडीचा उपयोग नारळ फोडताना एकदा झाला, एरवी गाजर कापायला घेतलं की गाजर कापलं जात नाही, उकलतं. कांद्याचं तर विचारूच नका.

याउलट मित्राकडे स्वीडनचा मोरा कंपॅनियन आहे. पातं १०४ मिलिमीटर, जाडी फक्त अडीच मिलिमीटर, टँग पूर्ण नाही, मूठ रबरी. ही कंपनी आपला इतिहास १८९१ पासून सांगते आणि त्यांच्याकडे सुतार-गवंडी हा चाकू कमरेला लावून फिरतात. दिसायला प्लास्टिकचं खेळणं. पण म्यानाच्या तळाशी पाणी निथळायला भोक आहे! एवढंच. एक भोक. चाकू घातला की टक् करून बसतो, पट्टी नाही, बटण नाही. मी त्याचं म्यान जितका वेळ उघडबंद करत बसलो तितका वेळ मित्राने आपला चाकूही वापरला नसेल.

तर शेवटी मीच प्लास्टिकचं म्यान केलं. तीन इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा, शेजारच्या काकांची हॉट एअर गन आणि दोन पाट. पीव्हीसी शंभर अंशांच्या आसपास चामड्यासारखं लुळं पडतं. ते पात्याभोवती दुमडायचं आणि दोन पाटांच्या मध्ये दाबून उभं राहायचं. धारेच्या बाजूला अर्धा इंच जागा ठेवायची. पात्याला आधी दोन वेढे मास्किंग टेप, नाहीतर म्यान इतकं घट्ट बसतं की दोन माणसं लागतात. गॅसच्या शेगडीवर हे करू नका. पीव्हीसी जळायला लागलं तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, ती नाका-घशालाही वाईट आणि पात्यालाही. तपकिरी पडायला लागलं की लांब न्या. टोकापाशी ड्रिलने भोक पाडलं, आणि ते भोक पाडताना जो आनंद झाला तो चाकू घेतानाही झाला नव्हता. खर्च शंभरच्या आत. दिसतं नळासारखंच, चालताना खडखडतं, आत धूळ गेली तर पात्यावर बारीक चरे पडतात. पण ऑगस्टच्या पावसात मांडूला जाऊन आलो, घरी येऊन धुतलं, उलटं टांगलं, गंजाचा ठिपका नाही.

कायद्याचं सांगितलं पाहिजे, कारण दुकानदार सांगत नाहीत. मध्य प्रदेशात शस्त्र कायद्याखालची १९७४ ची अधिसूचना आहे. त्यानुसार सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार सार्वजनिक जागी बाळगता येत नाही, आणि बटण दाबून उघडणारा चाकू तर कितीही लहान असला तरी नाही. सात-आठ इंची ‘सर्व्हायव्हल’ चाकू पाहून ज्यांना घाई झालीय त्यांनी मोजपट्टी घेऊन मोजावं. लहान असला तरी कमरेला लावून सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात कचोरी खायला जाऊ नका. निवडणूक, सणवार, मिरवणुकीच्या काळात हत्यारं बाळगण्यावर वेगळे बंदी आदेशही निघतात. माझा चाकू सॅकच्या तळाशी असतो, सहल संपली की घरी.

घरी तो आता म्यानात नसतो. चामड्याचंही नाही, नळाचंही नाही. खोबरेलाचा हात लावून वर्तमानपत्रात गुंडाळून खणात. म्यान फक्त प्रवासापुरतं.

नवा घेणाऱ्याला सल्ला मागायचाच असेल तर: विक्रेत्याला पात्याचे नाही, म्यानाचे फोटो मागा. तोंडाकडून एक, शिवणीकडून एक, तळाकडून एक. भोक आहे का, मधली पट्टी आहे का, बटणाची पट्टी कुठे पडते. एवढ्या तीन फोटोंना जो कंटाळा करेल त्याच्याकडून घेऊ नका. बजेट दोन-अडीच हजार असेल आणि फळं, दोऱ्या, खोकी, पाकिटं एवढंच काम असेल तर तीन मिलिमीटरच्या आतलं स्टेनलेस पातं घ्या, कांदाही कापता येईल.

पीव्हीसी पाईप दीड फूट उरलाय. सुदामा नगरकडे कुणी राहत असेल आणि म्यान करायचं असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. हॉट एअर गन मात्र काकांची आहे आणि ती रविवारी देत नाहीत.