जुन्या पीसीवर फोरके मॉनिटर: जीटी १०३० काही महिने वापरल्यानंतर

माझा पीसी: आय५-४५७० सीपीयू, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि २७ इंची फोरके मॉनिटर. काम डीटीपी, एक्सेल आणि ब्राउझरचं. या बोर्डच्या एचडीएमआयमधून फोरके मिळतं, पण ३० हर्ट्झवर. माऊसचा बाण अडखळतो, स्क्रोल करताना डोळे शिणतात. म्हणून जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड बसवलं.

‘फोरके सपोर्ट’ जीटी ७१० या जुन्या कार्डाच्या खोक्यावरही छापलेलं असतं, पण त्याचं एचडीएमआय १.४च आहे. टीव्हीला जोडून ओढूनताणून ६० मिळालेच, तर ते ४:२:० रंगात, म्हणजे रंगाची माहिती कापून; लाल अक्षरांवरचे अनुस्वार आणि रफार फिसकटतात. जीटी १०३०चं एचडीएमआय २.० पूर्ण ४:४:४ रंगात ६० हर्ट्झ देतं. वीज जेमतेम ३० वॅट, तीही स्लॉटमधूनच, त्यामुळे एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदलावा लागत नाही.

घेताना कार्डावरची मेमरी जीडीडीआर५ आहे ना, हे बघाच. २०१८मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं. मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून सुमारे १७ जीबीवर, नाव मात्र तेच! सेकंडहँड घेत असाल तर जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी टाइप बघून मगच पैसे द्या.

बसवल्यावर स्क्रीन काळी राहिली तर केबल बहुधा बोर्डच्याच पोर्टमध्ये असते. दुसरा जुना व्हीजीए मॉनिटर चालू ठेवायचा असेल तर तो बोर्डच्या पोर्टलाच जोडा आणि बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) आयजीडी मल्टी-मॉनिटर एनेबल करा. कार्डवर डीव्हीआय-डी आहे, त्यात अ‍ॅनालॉग सिग्नल नसतो. डीव्हीआयचं व्हीजीए करणारी स्वस्त पिन तिथे निरुपयोगी. विंडोज ३० हर्ट्झवरच अडलं तर आधी मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआय २.० निवडा, मग १८ जीबीपीएसची केबल लावून बघा.

व्हिडिओत खरी मेख आहे. एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे व्हिडिओचे फॉरमॅट कार्ड सहज पेलतं, एव्ही१ हा नवा फॉरमॅट अजिबात नाही. तो भार सीपीयूवर पडतो आणि फोरके व्हिडिओ अडकतो. ब्राउझरच्या ‘एन्हान्स्ड-एच२६४इफाय’ (enhanced-h264ify) एक्स्टेन्शनमध्ये फक्त एव्ही१ ब्लॉक करा. व्हीपी९ ब्लॉक केलंत तर यूट्यूब १०८०पीच्या वर जाणार नाही.

कार्डाची २ जीबी मेमरी मात्र तोकडी. मोठी फाइल आणि ढीगभर टॅब एकत्र उघडले की खिडक्या बदलताना झटका जाणवतो. एनव्हेंक (कार्डातला व्हिडिओ एन्कोडर) नसल्याने स्क्रीन रेकॉर्डिंगचा भार सीपीयूवरच. फोरकेत गेम? विसरा. नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५मध्ये थांबले, सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२८पर्यंत येतील.

दुसरी कार्डं बघायची तर आरएक्स ६४००ला स्लॉटशी बोलायला चारच लेन. एच८१च्या जुन्या, संथ पीसीआयई २.० स्लॉटवर त्याचा दम निघतो. आर्क ए३८०ला एव्ही१ येतं, पण त्याला बोर्डमध्ये रिसायझेबल बार ही सोय हवी आणि ती या बोर्डांवर नसते. व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर जुनं का होईना, जीटीएक्स १०५० टीआय घ्या: ४ जीबी, एनव्हेंक, ७५ वॅट. फक्त सहा पिनचा पॉवर कनेक्टर नसलेलं बघा.