बोटांचे ठसे की डीएनए?

भाचीला फॉरेन्सिकमध्ये पुढे शिकायचंय आणि ती ठसे की डीएनए यात अडकलीय. म्हणाली, "मामा, खुनाच्या तपासात जास्त कामाचं काय?" टीव्हीवरच्या मालिका बाजूला ठेवून सांगतो.

खर्च आणि वेळ: इथे ठसे सरळ जिंकतात. पावडर, ब्रश, चिकटपट्टी. कागदावर असतील तर निनहायड्रिन नावाचं रसायन. डीएनएला प्रयोगशाळा, महागडी रसायनं आणि रांगेत थांबण्याची तयारी लागते.

टिकाऊपणा: ठसा पुसला की गेला, हातमोजे घातले तर सहसा उमटत नाही. डीएनए मात्र हाडातून, दातातून वर्षांनीही मिळतो.

पुराव्याचं वजन: बंगालमधल्या जलपायगुडीत 1898 च्या सुमारास एका चहामळ्याच्या मॅनेजरचा खून झाला. पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा सापडला, जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. कोर्टाने त्याला चोरीची शिक्षा दिली, खुनाची नाही! ठसा सांगतो हात लागला. सुरा कोणी चालवला ते नाही. डीएनएचंही तसंच. जर्मनीत अनेक गुन्ह्यांच्या जागी एकाच बाईचा डीएनए मिळाला, म्हणून पोलीस कित्येक वर्षं या 'खुनी बाई'च्या मागे होते. 2009 मध्ये कळलं की तो डीएनए नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्यांवरच होता, कारखान्यातून आलेला. पण इंग्लंडमध्ये 1986 साली याच डीएनएने आधी एका निर्दोष मुलाला सोडवलं, मग खरा खुनी सापडला.

जुळे? एकसारख्या जुळ्यांचा नेहमीचा डीएनए अहवाल सारखाच येतो, ठसे वेगळे.

घटनास्थळी राबायचं असेल, नजर बारीक असेल तर ठसे घे. प्रयोगशाळेत रमत असशील, कुजलेल्या मृतदेहांची ओळख पटवायची असेल तर डीएनए.