सियागंजची सुटी पत्ती: घ्या, पण पोतं बघून

चहावर वर्षानुवर्षं लिहीत आलं तरी इंदूरच्या मराठी घरांतून प्रश्न तोच येतो: पत्ती कुठली आणावी? रेल्वे स्टेशनाजवळच्या सियागंज या किराणा-मसाल्याच्या ठोक बाजारातली सुटी पत्ती आणावी, हे आमचं उत्तर. नीट पारखून घेतली तर पुड्यातल्या ब्रँडेड चहाच्या पैशात तिथे एक पायरी वरचा माल मिळतो. न पारखता घेतली तर जिऱ्याच्या वासाचा चहा प्यावा लागतो.

दुकानात शिरलं की पहिला प्रश्न हिंदीत येतो, "कडक चाहिए कि खुशबूवाली?" हा प्रश्न खरं तर दाण्याच्या आकाराचा आहे. मोठा गोल दाणा, म्हणजे इथली 'ममरी', सावकाश उतरतो आणि वास जास्त देतो. पोत्यावर त्याची ग्रेड बीपी किंवा बीओपीएसएम अशी लिहिलेली असते. बारीक डस्ट दीड मिनिटात काळाभोर रंग सोडते. पोह्यांच्या ठेल्यांवर कट चहा देणाऱ्यांना तीच परवडते. दोन्ही सीटीसीच, म्हणजे उलट दिशेने फिरणाऱ्या दातेरी रोलरांमधून चिरडून निघालेली. चाळणीवर कुठली कुठे पडली, एवढाच फरक.

आता घरोघरी होणारी चूक. ममरीचा सपाट चहाचा चमचा साधारण दीड ग्रॅम भरतो, डस्टचा दोनाच्या वर. ममरी संपली, डस्ट आली, चमचा मात्र तोच राहिला, की चहा कडवट होतो आणि बोल पत्तीला लागतो. पत्ती बदलली की एकदा तरी काट्यावर तोलून बघा. घरच्यासाठी तीन भाग आसाम ममरी आणि एक भाग उत्तर बंगालातल्या डुआर्सचा बारीक दाणा, हे मिश्रण आम्हाला सर्वांत जमलेलं वाटतं: वास आसामचा, रंग डुआर्सचा. नुसती ममरी घेतली तर आपल्याकडच्या दाट दुधात रंग फिका पडतो. दुकानदाराने आधीच मिसळून ठेवलेलं 'स्पेशल' टाळावं, कारण त्यात काय किती आहे ते तोही सांगू शकत नाही.

पोतं बघायला मागा. कोणी रागावत नाही. मळ्यातून आलेल्या कागदी पोत्यावर मळ्याचं नाव, ग्रेड आणि इन्व्हॉइस नंबर छापलेला असतो. आसामची मे-जूनची तोडणी, म्हणजे सेकंड फ्लश, ही वर्षातली सर्वांत भरीव. पावसाळ्याची पत्ती भरपूर येते पण अंगाने पातळ असते, आणि दिवाळीच्या सुमारास 'नया माल' म्हणून जे पुढे येतं ते बहुतेक हेच. पत्ती तळहातावर घेऊन बघा. दाणा काळसर तपकिरी आणि किंचित चमकता हवा. राखाडी दिसला तर तो फार चाळला, फार हाताळला गेला आहे. घासून चमक उडालेली असते. पिवळट रेषा आणि काड्या जास्त असतील तर माल हलका. शेवटी मूठ बंद करून त्यात एक ऊन श्वास सोडा आणि हुंगा. सियागंजात शेजारच्या पोत्यात धणे, मिरची, हिंग असतात आणि चहा वास शोषण्यात पक्का. उघड्या पोत्याचा वरचा थर कधीच घेऊ नये, हात घालून आतला काढायला सांगावं.

भेसळीची भीती सगळ्यांनाच असते, पण तपासणी चुकीची केली जाते. थंड पाण्यात चिमूट टाकून लगेच रंग सुटला की पत्ती रंगवलेली, असं सर्रास मानतात. बारीक डस्ट शुद्ध असली तरी थंड पाण्यात रंग सोडतेच. त्यापेक्षा पांढऱ्या फिल्टर पेपरवर थोडी पत्ती पसरा, वर पाण्याचे थेंब टाका, मग पत्ती झटकून कागद नळाखाली धरा आणि उजेडात बघा. शुद्ध पत्तीचा डाग नाममात्र असतो. रंगवलेलीचा तपकिरी-काळा ठळक उरतो. लोहचुंबकही फिरवावा. रोलरांचे दात झिजतात, त्यामुळे थोडा लोहकीस येणारच. कायद्यानेही तो ठरावीक मर्यादेपर्यंत चालतो. चार दाणे चिकटले तर सोडून द्या, चुंबकाला केसाळ थर आला तर पत्ती परत.

आणि तरीही सियागंजच्या पत्तीविषयीच्या निम्म्या तक्रारी खरं तर पाण्याच्या असतात. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, मधल्या दिवशी घरात बोरिंगचं. माळव्याच्या काळ्या खडकातलं हे पाणी जड. त्यातला चुना चहाच्या अर्काशी जुळतो, वर तेलकट दिसणारा पापुद्रा धरतो आणि रंग लालऐवजी मातकट उतरतो. सोमवारचा चहा फक्कड आणि मंगळवारचा मेलेला, तरी पत्ती तीच. नर्मदेचं पाणी चहापुरतं भरून ठेवावं. आरओचं चालतं, पण टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, पन्नासच्या खाली आणला असेल तर चहा लाल दिसूनही पातळ आणि टोचरा लागतो. त्यात थोडं नळाचं मिसळलं की सुधारतो.

दोन कपांचं प्रमाण असं: पाणी 200 मिली, दूध 130 मिली, वरच्या मिश्रणाची पत्ती 5 ग्रॅम, साखर चवीने. आधणाला उकळी आली की ठेचलेलं आलं टाकून दोन मिनिटं उकळू द्या. कच्च्या आल्यातल्या एन्झाइममुळे कोमट दूध फाटतं. उकळलं की तो निकामी होतो. मग पत्ती, मंद आचेवर दोन मिनिटं. दूध गरमच घाला, दोन उकळ्या, गॅस बंद, झाकण एक मिनिट. पत्ती दहा मिनिटं कढवली की वास उडून जातो आणि तुरटपणा तेवढा उरतो. सहा टक्के फॅटचं फुल क्रीम दूध असेल तर 100 मिलीच पुरे, नाहीतर पत्तीचा पत्ताच लागत नाही. गुळाचा चहा करायचा तर गूळ गॅस बंद केल्यावर.

बाजाराविषयी दोन तक्रारी आहेत. पाव किलो मागितलं की ठोकवाले तोंड वाकडं करतात, आणि जे देतात ते पातळ पन्नीत बांधून देतात. चौघांच्या घरात दिवसाला आठ कप धरले तर महिन्याला सहाशे ग्रॅम लागते, म्हणून एका वेळी अर्धा किलो घेणं बरं. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा बरोबर न्या, आणि घरी तो मसाल्याच्या कपाटात ठेवू नका. वेलचीच्या वासाची तयार पत्ती मात्र बिलकुल घेऊ नये. तो वास बहुधा जुन्या पत्तीवर चढवलेला असतो, आणि पंधरा दिवसांत तो उडाला की खाली काय होतं ते कळतं. दोन वेलदोडे सालासकट ठेचून आधणात टाकले की काम होतं.