परदेशी ट्रेकसाठी घेतलेला सर्व्हायव्हल पाऊच : वस्तू चांगल्या, दावा चुकीचा

अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या ट्रेकसाठी मुंबईहून काठमांडूला जाण्यापूर्वी मी एक तयार सर्व्हायव्हल पाऊच ऑनलाइन मागवला. चाकू, तारेची करवत, लायटर, शिट्टी, होकायंत्र, फॉइलचे ब्लँकेट, पॉवर बँक आणि पॅराकॉर्डचे, म्हणजे मजबूत नायलॉन दोरीचे, मनगटात घालायचे कडे एवढे सामान ३,६०० रुपयांत मिळाले, आणि या किमतीला वस्तूंचा दर्जा चांगला आहे. माझी तक्रार आहे ती ‘विमान प्रवासासाठी सज्ज’ या जाहिरातीतल्या दाव्याबद्दल.

कड्याची वीण घट्ट आहे आणि ते हातात जड वाटत नाही, म्हणून मी ते मनगटावर घालूनच सुरक्षा तपासणीला गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी बकल उघडले, तेव्हा त्याच्या आतल्या खाचेत नखाएवढे धारदार पाते बसवलेले मला प्रथमच दिसले. बकल लावलेले असताना ते अजिबात दिसत नाही आणि सोबतच्या माहितीपत्रकातही त्याचा उल्लेख नाही. अधिकाऱ्यांनी शांतपणे चौकशी करून कडे काढून घेतले, आणि त्यांचे काहीच चुकले नाही. मात्र माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या सोबत्यांसमोर मला जे अवघडल्यासारखे झाले, ते विक्रेत्याच्या दोन ओळींनी टळले असते.

खरी अडचण तर पाऊचच्या रचनेतच आहे. चाकू आणि करवत चेक-इन सामानातच ठेवावे लागतात, तर पॉवर बँक चेक-इनमध्ये मुळीच चालत नाही, ती केबिनमध्ये जवळच ठेवावी लागते. त्यामुळे हा पाऊच आहे तसा कोणत्याच बॅगेत ठेवता येत नाही. पॉवर बँक २०,००० एमएएचची, म्हणजे ३.७ व्होल्टने गुणल्यास ७४ वॉट-अवर भरते आणि १०० वॉट-अवरच्या मर्यादेत बसते, ही जमेची बाजू. लायटर आणि काड्यापेटी भारतातून निघताना दोन्हीकडे निषिद्ध असल्याने लायटर मी घरीच ठेवला. स्टोव्हसाठी लागणारी गॅसची डबी विमानातून नेताच येत नाही. ती काठमांडूच्या थामेलमध्ये सहज मिळते.

विक्रेत्याने उत्पादनाच्या पानावर सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे उपकरण) जोडीला घेण्याचा सल्ला दिला आहे, तो मला गंभीर वाटतो. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असे उपकरण भारतात बाळगणे बेकायदा आहे, आणि त्यावरून विमानतळांवर परदेशी प्रवाशांनाही ताब्यात घेतले गेले आहे. खाऊच्या पिशवीत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या टाकण्याची आपल्याकडे सवय आहे, पण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून विमानात त्यालाही बंदी आहे. गूळ-शेंगदाण्याचे लाडू मात्र मी निर्धास्तपणे नेले.

डोंगरात उरलेल्या वस्तूंनी चांगली साथ दिली. सुमारे ३,७०० मीटरवरच्या माछापुच्छ्रे बेस कॅम्पला पावसात भिजून आलेला सोबती थरथरत होता. त्याचे ओले कपडे बदलून, कोरड्या गोधडीवरून फॉइलचे ब्लँकेट गुंडाळल्यावर अर्ध्या तासात तो नीट बोलू लागला. ते ब्लँकेट नंतर घडी घालूनही फाटले नाही. शिट्टीचा आवाज धुक्यातही दूरवर पोहोचतो.

सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी मी हा पाऊच पुन्हा घेईन. परदेश प्रवासासाठी मी पाचपैकी तीनच तारे देतो, आणि कड्यातल्या पात्याची नोंद उत्पादनाच्या पानावर ठळकपणे करावी, असे मी विक्रेत्याला कळवले आहे.