रंग सोनेरी, पोलाद कच्चं: ड्रिल बिटांच्या खरेदीत आमची झालेली फसवणूक

कोल्हापुरात आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. जिन्याची रेलिंग, खिडक्यांचे ग्रिल, बाल्कनीच्या जाळ्या, सोलर हीटरचे स्टँड अशी कामं आम्ही करतो. गेल्या वर्षी एका वितरकानं नामांकित कंपनीच्या नावाखाली आम्हाला धातूला भोकं पाडायचे बनावट ड्रिल बिट, काँक्रीटला भोकं पाडायचे बनावट हॅमर बिट आणि धातू कापायची मुदत संपलेली कटिंग व्हील विकली. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण एवढ्यासाठी मी लिहायला बसलो नसतो. असल्या मालामुळे कुणाच्या घरातलं रेलिंग भिंतीतून सुटू शकतं, एखाद्या कारागिराचा डोळा जाऊ शकतो. म्हणून जे झालं ते सविस्तर सांगतो.

हा माणूस स्वतः वर्कशॉपवर आला होता. त्याचा भाव बाजारापेक्षा थोडाच कमी होता. निम्म्या किमतीत देतो म्हणाला असता तर कुणालाही संशय आला असता, पण मोठी खरेदी करणाऱ्याला इतकी सूट सगळेच देतात. पहिला माल आला तो अस्सल होता. बिट चांगले चालले, परत धार लावूनही चालले. मग आम्हाला एका इमारतीच्या स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगचं मोठं काम मिळालं आणि ५, ६ आणि ८ मिलिमीटरचे कोबाल्ट बिट, सोबत काँक्रीटचे हॅमर बिट आणि चार इंची कटिंग व्हील अशी मोठी ऑर्डर त्याला दिली. लबाडी झाली ती इथे. प्रत्येक खोक्यात वरच्या थरातले बिट खरे होते आणि खालच्या थरातले खोटे. खोकं उघडून वरचा एखादा बिट बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसणार, हा हिशोब करूनच माल भरलेला होता.

साइटवरून आमच्या कारागिराचा फोन आला, "दादा, ह्यो बिट घेतच न्हाई." जाऊन पाहिलं तर पाइपवर बिट नुसता किंचाळत होता. बुरादा पडत नव्हता, टोक निळं पडलं होतं आणि कडा गोल झाल्या होत्या. दुसरा लावला, तोही तसाच.

वितरकाला फोन केला तर उत्तर तयारच होतं. "शेठ, तुमची पोरं स्पीड जास्त ठेवतात. तेल घालत नाहीत. बिट जाळून टाकतात आणि मग नाव कंपनीचं." हे उत्तर नीट लक्षात ठेवा, कारण ते अर्धं खरं असतं आणि म्हणूनच चालून जातं. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील साध्या लोखंडासारखं वागत नाही. बिट कापायचं सोडून नुसता घासला की तिथला पृष्ठभाग कडक होत जातो, आणि मग त्याच जागी चांगला बिटही अडकतो. म्हणून ६ मिलिमीटरचा बिट स्टेनलेसमध्ये मिनिटाला साधारण ६०० फेऱ्यांच्या आसपास, जोर देऊन आणि तेल घालून चालवायचा असतो. माइल्ड स्टीलमध्ये तोच बिट याच्या दुप्पट वेगानं चालतो. आमचा कारागीर हे काम वर्षानुवर्षं करतोय. मशीन लो गिअरवर होतं, तेलाची बाटली शेजारीच होती. तरी पहिला दोष त्याच्या हाताला दिला गेला. ही फसवणूक करणारे नेहमी असंच करतात. मालक आणि कारागीर यांच्यात संशय निर्माण करतात आणि त्या आडून माल खपवतात. हे मला आजही सहन होत नाही.

खरं काय ते उद्यमनगर या कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका काकांनी दाखवलं. आयुष्यभर टूलरूममध्ये काम करून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी आमच्याकडून एक वरच्या थरातला आणि एक खालच्या थरातला बिट घेतला, डोळ्यांवर गॉगल चढवला आणि दोन्ही बिट टोकाकडून बेंच ग्राइंडरला हलके टेकवले. वरच्या बिटाच्या ठिणग्या मंद, तांबूस-केशरी होत्या. सरळ रेघा, त्याही विरळ, आणि टोकाला जवळजवळ काहीच फुटत नव्हतं. खालच्या बिटातून पिवळ्या-पांढऱ्या लखलखीत ठिणग्या आल्या आणि प्रत्येक रेघ टोकाला फुलबाजीसारखी फुटत गेली. ठिणगी अशी फुटते ती पोलादातल्या कार्बनमुळे. चांगले बिट ज्याचे बनतात त्या हायस्पीड स्टीलमध्ये टंगस्टन, मोलिब्डेनम असले धातू असतात आणि ते ही फूट दाबून टाकतात. म्हणजे खालचा बिट साध्या कार्बन स्टीलचा होता.

काकांनी आणखी एक गोष्ट बजावली. ही परीक्षा नेहमी टोकाकडे, कापणाऱ्या भागावर करायची, मागच्या दांडीवर कधीच नाही. मोठ्या मापाच्या चांगल्या बिटांनाही मागे साध्या पोलादाची दांडी जोडलेली असते. तिथे ठिणगी बघितली तर अस्सल बिट खोटा ठरेल.

मग त्यांनी निळ्या पडलेल्या टोकावर कानस फिरवली. कानस सरळ चावली. कार्बन स्टीलला कडकपणा दिलेला असला तरी दोन-अडीचशे अंशांच्या वर तापलं की ते मऊ पडू लागतं. हायस्पीड स्टील ६०० अंशांच्या आसपासही धार धरून ठेवतं, त्या नावातला 'हायस्पीड' त्यासाठीच आहे. अस्सल बिट निळा पडला तरी त्यावरून कानस घसरते. ग्राइंडर नसेल तर एवढी एक परीक्षा कुणालाही करता येईल: एक बिट जाड पट्टीवर मुद्दाम तापू द्यायचा आणि थंड झाल्यावर कानस लावून बघायची.

आता रंगाबद्दल, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. आपल्याकडे पिवळा दिसला की त्याला सरसकट 'टायटॅनियम बिट' म्हणतात आणि दुकानदार त्यालाच कोबाल्टही म्हणून देतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टायटॅनियम नायट्राइड हा वरचा मुलामा असतो, काही मायक्रॉन जाडीचा. तो अस्सल असला तर घर्षण कमी करतो, पण एकदा धार लावली की टोकावरून निघून जातो. कोबाल्ट पोलादाच्या आतच असतो. एम३५ ग्रेडमध्ये साधारण ५ टक्के, एम४२ मध्ये ८ टक्के. ग्राइंडरवर घासून तो जात नाही. बरेचसे कोबाल्ट बिट मंद, वाळल्या गवतासारख्या तपकिरी छटेचे दिसतात. आमच्या खोट्या बिटांवर कोबाल्टचा शिक्का होता आणि रंग मात्र चकचकीत सोनेरी. नुसत्या सोनेरी रंगावरून माल खोटा ठरत नाही, पण पोलादाचा दर्जा रंगावरून ठरवू नका एवढं नक्की.

बाकीच्या खुणा शांतपणे बघितल्यावर एकेक करून दिसत गेल्या. खऱ्या बिटाचं टोक १३५ अंशांचं आणि मध्ये फोडलेलं होतं, त्याला आपण स्प्लिट पॉइंट म्हणतो. असं टोक पंच न मारताही गोल पाइपवर बऱ्यापैकी जागा धरतं. खोट्याचं टोक साधं ११८ अंशांचं होतं. पाकिटावर डीआयएन ३३८ लिहिलं होतं, ते ड्रिल बिटांच्या मापांचं जर्मन मानक. त्या मानकाप्रमाणे ६ मिलिमीटरचा बिट ९३ मिलिमीटर लांब असतो आणि त्यातला ५७ मिलिमीटर भाग पिळाचा. व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला तर खोटे बिट आखूड भरले, तेही एकसारखे नाहीत. दांडीवरची अक्षरं थिनरच्या बोळ्यानं पुसली गेली. सगळ्या पाकिटांवर एकच बॅच नंबर होता. काचेवर लोळवल्यावर काही बिट डुगडुगत होते, म्हणजे सरळही नव्हते.

ड्रिल बिटानं काम अडलं एवढंच. हॅमर बिटाचं प्रकरण जास्त गंभीर आहे. एसडीएस प्लस प्रकारच्या बिटाची दांडी १० मिलिमीटरची असते आणि तिच्यावर खाचा असतात, मशीनचा चक, म्हणजे बिट धरणारं तोंड, त्या खाचांमध्ये बिट पकडतो. आमच्याकडे आलेल्या बिटांची दांडी मऊ होती. ठोके बसून तिचं मागचं टोक पसरलं आणि बिट चकमध्येच अडकला. तो काढताना चक गेला. पुढे टोकावरचा कार्बाइडचा, म्हणजे काँक्रीट फोडणाऱ्या अतिकडक पदार्थाचा, तुकडा. तो पितळेच्या झाळकामानं पक्का बसवलेला असायला हवा. काही बिटांमध्ये तो तिरका बसवलेला होता, एकात तर सळईला लागताच सुटून पडला. तुकडा तिरका असेल तर भोक मापापेक्षा मोठं आणि वेडंवाकडं पडतं. त्यात अँकर फास्टनर (भोकात पसरून धरणारा बोल्ट) ठोकला की सुरुवातीला घट्ट वाटतो, पण त्याचं पसरणारं पान भिंतीला पूर्ण धरत नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीचं रेलिंग त्याच फास्टनरवर उभं असतं. काँक्रीटच्या बिटांसाठी जर्मनीत पीजीएम नावाची तपासणी खूण आहे आणि चांगल्या कंपन्यांच्या बिटांवर ती दिसते. खूणही खोटी छापता येते, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. व्हर्नियरनं कार्बाइडच्या टोकाची रुंदी मोजा. १० च्या बिटाची रुंदी १० पेक्षा किंचित जास्त भरली पाहिजे. नेमकी १० किंवा कमी भरली तर तो बिट फास्टनरच्या कामाला घेऊ नका.

कटिंग व्हीलची लबाडी कळली तेव्हा माझे हातपाय गार पडले. रेझिनच्या पातळ व्हीलच्या मधोमध जी धातूची रिंग असते तिच्यावर मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. सर्वसाधारणपणे ही मुदत उत्पादनापासून तीन वर्षांची असते. आमच्या व्हीलवर नेमक्या त्या रिंगवर किमतीचं गोल स्टिकर चिकटवलेलं होतं. स्टिकर सोललं तर मुदत कधीच संपलेली. रेझिन हवेतला ओलावा शोषतं आणि कमजोर होतं. आमच्याकडचा पावसाळा माहीत असलेल्याला जास्त सांगायला नको. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. त्या वेगात व्हील फुटलं तर गार्ड काढून काम करणाऱ्याला वाचवणारं काही नसतं. आणि आपल्याकडे किती पोरं गार्ड काढून काम करतात ते सगळ्यांना माहीत आहे. व्हील घेताना रिंग उघडी दिसलीच पाहिजे, आणि व्हीलवर लिहिलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त हवा. चार इंची चांगल्या व्हीलवर तो साधारण १५,३०० लिहिलेला असतो.

स्क्रू ड्रायव्हर बिटांचं थोडक्यात सांगतो. एस२ पोलाद लिहिलेले बिट ड्रायवॉल स्क्रूवर पिळवटले. तिथेही पहिलं उत्तर 'तुम्ही चुकीचा बिट लावला' हेच होतं. म्हणून फरक माहीत असू द्या: पीएच२ म्हणजे साधा फिलिप्स, आणि पीझेड२ च्या स्क्रूवर मुख्य फुलीच्या मधे चार बारीक रेघा जास्त असतात. स्क्रू पीएच, बिटही पीएच, आणि तरी टोक पिळलं तर पोलाद कच्चं आहे.

आता बिलाची गोष्ट. बिल पक्कं होतं, जीएसटीसह. पण त्यावर लिहिलं होतं फक्त 'टूल्स, एचएसएन ८२०७' (जीएसटीसाठीचा वस्तूंच्या वर्गाचा क्रमांक) आणि नग. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नंबर नाही, बॅच नाही. खोटे बिट घेऊन गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "हा माल माझा कशावरून?" त्याच्याकडे वाद घालायला जागा उरली ती एवढ्याचमुळे. त्यानंतर आम्ही नियम केला आहे: बिलावर कंपनीचं नाव, माप, ग्रेड आणि पार्ट नंबर असल्याशिवाय माल उतरवून घ्यायचा नाही. खोकं दुकानदाराच्या माणसासमोर उघडायचं, तळातला बिट बाहेर काढायचा आणि फोटो घ्यायचा. प्रामाणिक दुकानदार याला कधीही नाही म्हणत नाही. आमचे जुने दुकानदार तर स्वतःच खोकं उपडं करून दाखवतात.

कंपनीच्या प्रतिनिधीनं पाकिटं पाहून माल आपला नसल्याचं लगेच सांगितलं. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटं नाव लावणं आणि तसा माल विकणं, दोन्हीला किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. मात्र या कायद्याखाली झडती-जप्तीपूर्वी पोलिसांना ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं, म्हणून दुसऱ्या दिवशी छापा पडेल अशी आशा धरू नका. कंपनीला लेखी कळवा, पुरावा तिच्या हातात द्या, ती पुढे झाली की काम हलतं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूंना ग्राहक कायदा लागू होत नाही असं दुकानदार ऐकवतात. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच वस्तू घेणाऱ्याला २०१९ च्या कायद्यानं ग्राहकच मानलं आहे. एकटा काम करणाऱ्या सुतारानं, प्लंबरनं, इलेक्ट्रिशियननं हे ध्यानात ठेवावं. आम्हाला न वापरलेल्या मालाची क्रेडिट नोट मिळाली. वापरलेल्या मालाचे आणि चकचे पैसे बुडाले.

त्या हॅमर बिटांनी जिथे जिथे भोकं पाडली होती तिथे आम्ही परत गेलो. ज्यांच्याकडून असा माल वापरला गेला असेल त्यांनीही जावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक फास्टनरच्या नटला पाना लावा. नट घट्ट होत न जाता सगळा फास्टनरच फिरत असेल किंवा बाहेर सरकत असेल तर तो काढून टाका. त्याच भोकात लाकडाची खुंटी किंवा तार कोंबून तोच परत ठोकू नका. भोक आणि काँक्रीट परवानगी देत असेल तर धूळ पूर्ण फुंकून काढून केमिकल अँकर (बोल्ट चिकटवून धरणारं रसायन) भरा, नाहीतर पुरेसं अंतर सोडून चांगल्या बिटानं नवं भोक पाडा आणि बेस प्लेट बदला. घरमालकाला कारण स्पष्ट सांगा. आम्ही सांगितलं, आणि काम नीट होईपर्यंत त्या बाजूला मुलांना जाऊ देऊ नका असंही बजावलं.