ला फॅक्टोरिया, सान हुआन: पुढे कॉकटेल, मागे साल्सा

दारावर पाटी नाही, भिंतीचा रंग उडालेला. प्युर्टो रिकोच्या राजधानीत, सान हुआनच्या जुन्या भागातल्या काये सान सेबास्तियान या रस्त्यावर ला फॅक्टोरिया शोधणारे बरेच जण पहिल्या फेरीत तिच्यासमोरूनच पुढे निघून जातात. २०१३मध्ये सुरू झालेला हा बार जगातल्या पन्नास उत्तम बारच्या यादीत झळकला, २०१७मध्ये जगभर गाजलेल्या एका गाण्याच्या व्हिडिओतही दिसला. तेव्हापासून गर्दी हटलेली नाही.

आत शिरल्यावर दिसतो तो फक्त पहिला बार. त्याच्या मागे दारं आहेत आणि दारांमागे वेगवेगळ्या स्वभावाच्या खोल्या: वाईनसाठी एक, डीजेची एक, साल्सा नाचासाठी शिंग-अ-लिंग नावाची एक. पुढच्याच खोलीतल्या रेटारेटीला कंटाळून जे परत फिरतात, त्यांनी निम्मी जागा पाहिलेलीच नसते. नऊच्या आत पोचावं, पुढच्या काउंटरवर बसून निवांत प्यावं आणि मग मागे सरकावं. शुक्रवार-शनिवारी उशिरा बारटेंडरशी दोन शब्द बोलणंही कठीण. जानेवारीत याच रस्त्यावर सान सेबास्तियानचा उत्सव भरतो. कॉकटेलसाठी यायचं असेल तर ते दिवस टाळाच.

इथली प्रसिद्ध मागणी म्हणजे लॅव्हेंडर म्यूल. आल्याचा झणका छान लागतो, पण ते व्होडकाचं पेय. रमच्या बेटावर पहिला ग्लास रमचाच हवा, आणि तो डाइकिरीचा. ती मूळची क्युबाची खरी, पण कोणताही बार जोखायला तिच्याइतकं चोख माप नाही. ६० मिली पांढरी रम, ३० मिली ताज्या लिंबाचा रस, साखर-पाणी समप्रमाणात घेऊन केलेला २० मिली पाक. टणक बर्फावर दहा-बारा सेकंद जोरात हलवून गार ग्लासात गाळायचं, संपलं. बर्फ आधीच पाणावलेला असेल तर पेय पाणचट होतं, हलवणं कमी पडलं तर रम घशाला लागते, रस फार आधी काढून ठेवलेला असेल तर शेवटी कडवटपणा उरतो. प्युर्टो रिकोची रम कायद्यानेच किमान एक वर्ष ओकच्या पिंपात मुरलेली असते. पांढरी दिसते ती नंतर कोळशातून गाळून रंग काढल्यामुळे. मुळात मऊ असल्याने पाक १५ मिलीच घालायला सांगितला तरी बिघडत नाही.

रम, अननस आणि नारळाच्या क्रीमची पिन्या कोलाडा मात्र इथे नको. १९५४मध्ये ती आपल्याकडे जन्मली असं कारिबे हिल्टन हे हॉटेल सांगतं, तर काये फोर्तालेसावरचं बाराचिना हे रेस्टॉरंट १९६३चा दावा करतं. दुपारी यांपैकी कुठेही प्यावी. नारळाच्या दाट क्रीमनंतर रात्री नाचणं जड जातं.

साल्साचं आवर्तन आठ मात्रांचं. पुढाकार घेणारा पहिल्या मात्रेला डावा पाय पुढे टाकतो, दुसरीला उजवा जागच्या जागी, तिसरीला डावा परत. पाच-सहा-सातला हेच मागच्या बाजूला, उजव्या पायाने सुरू करून. चौथी आणि आठवी मात्रा मोकळी. नवखे तिथेच चुकतात: मोकळ्या मात्रेवरही पाऊल पडतं आणि पुढचं सगळं आवर्तन उलट्या पायावर जातं. तसं झालं तर धावत सावरू नका, थांबून पुढची सम पकडा. गाणं पळतं वाटलं तर काँगाकडे, म्हणजे हाताने वाजवायच्या उंच ढोलाकडे, कान द्या. चौथ्या आणि आठव्या मात्रेपाशी त्याचे दोन खुले ठोके ऐकू येतात, त्यांच्या पाठोपाठ येतं ते पहिलं किंवा पाचवं पाऊल. या खोलीत पाऊल वीतभरच हवं. लांब पावलाने वजन मागे राहतं, मग जोडीदाराचा हात आधारासाठी ओढला जातो, आणि वळताना दोघांचाही तोल जातो.

हात पुढे करून विचारणं ही रीत, बाईनेही विचारावं. नकार आला तर हसून बाजूला व्हावं. एक गाणं संपलं की आभार मानून मोकळं व्हायचं, फ्लोअरवर अनोळखी माणसाला शिकवायला लागायचं नाही. ग्लास घेऊन तर मुळीच नाचू नये. सांडलेल्या पाकाला बुटाचा तळ चिकटतो, अंग वळतं, पाय वळत नाही आणि गुडघा पिळवटतो.

मेनूतल्या किमतीवर ११.५ टक्के विक्रीकर लागतो, टीप १८ ते २० टक्के धरावी. दारूसाठी वयाची अट १८, ओळखपत्र जवळ हवंच. प्युर्टो रिको अमेरिकेचाच प्रदेश असल्याने भारतातून येणाऱ्याला अमेरिकेचा व्हिसा लागतो, तर न्यू जर्सी-टेक्सासमधल्या मराठी मंडळींसाठी हा देशांतर्गत प्रवास.

बुटांचा विचार मात्र आधीच करा. बाहेरचा रस्ता आदोकिनेसचा, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून ओतलेल्या निळसर विटांचा. पावसात तो फार निसरडा होतो आणि उंच टाच फटीत अडकते. येता-जाताना रबरी तळाचे सपाट बूट घाला, चामड्याच्या तळाचे नाचायचे बूट छोट्या पिशवीत आणा आणि शिंग-अ-लिंगमध्ये शिरण्यापूर्वी बदला.