नाखुद्याची जबानी वाचायची असेल तर: मरीनलाइव्ह्ज आणि क्यूचं अभिलेखागार

१७व्या शतकात लंडनच्या हाय कोर्ट ऑफ ॲडमिरल्टीपुढे (एचसीए, म्हणजे दर्यावरच्या तंट्यांचं न्यायालय) व्यापारी जहाजांच्या नाखुद्यांनी दिलेल्या जबान्यांची जाडजूड बाडं आजही शाबूत आहेत. क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात ती 'एचसीए १३' या मालिकेत सापडतात. मरीनलाइव्ह्ज हा स्वयंसेवकांचा प्रकल्प २०१२पासून त्यातली, मुख्यतः १६५०च्या दशकातली, बाडं उतरवून काढतो आणि फुकट वाचायला देतो. जहाज कुठून निघालं, काय भरलं, कुठे अडकलं, माल कुणाच्या नावावर होता, हे नाखुद्याच्याच तोंडून कळतं. या प्रकल्पाला पाचापैकी साडेचार गुण, आणि अर्धा गुण का कापला तेही सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे या बाडांत उत्तरं आहेत, प्रश्न नाहीत. हे न्यायालय रोमन कायद्याच्या वळणाने चालायचं. साक्षीदाराला भर दरबारात उभं करत नसत. वादीच्या कैफियतीतली कलमं एकेक करून खासगीत विचारायची, कारकून लिहून घेणार, मग न्यायाधीशापुढे जबानी कायम होणार. त्यामुळे पानावर दिसतं ते 'तिसऱ्या कलमाविषयी साक्षीदार म्हणतो की…' एवढंच. तिसरं कलम काय होतं ते 'एचसीए २४'मधल्या कैफियतींत आणि उलटतपासणीचे प्रश्न 'एचसीए २३'मध्ये शोधावे लागतात. ऑनलाइन लिप्यंतरात ही जोडी आयती मिळेल असं धरून चालू नका. अर्धा गुण इथे गेला.

जबानीचा मथळा मात्र सोन्यासारखा. नाव, राहण्याचं ठिकाण (वॉपिंग, रॅटक्लिफ, लाइमहाउस ही नावं सारखी येतात), धंदा, अंदाजे वय, आणि साक्ष कुणाच्या बाजूने. शेवटी सही किंवा निशाणी. या मथळ्यांवरूनच थेम्सकाठच्या खलाशी वस्तीचा नकाशा उभा राहतो.

खरी गंमत मालाच्या नुकसानीच्या दाव्यांत आहे. साखर भिजली, मनुका कुजल्या, दारूची पिंपं निम्मी रिकामी निघाली की व्यापारी भाडं अडवायचा. माल वादळाने बिघडला तर तो दर्यावरचा धोका, जहाजावर दोष नाही. जहाजच गळकं असेल किंवा माल नीट रचला नसेल, तर भरपाई जहाजाच्या माथी. म्हणून जवळजवळ प्रत्येक नाखुदा वादळाचं तपशीलवार वर्णन करतो: किती दिवस वारा होता, किती वेळ पंप चालू होता, डेकवरून लाटा कशा गेल्या. हे वर्णन खोटंच असतं असं नाही, पण ते कशासाठी दिलंय हे विसरायचं नाही. त्याच खटल्यातल्या इतरांच्या जबान्या शेजारी ठेवा. सुतार सांगतो निघण्याआधी फटींत जुन्या दोरांचे धागे आणि डांबर भरलं होतं की नाही. बोसन (खलाशांचा मुकादम) सांगतो मालाखाली लाकडी ओंडके घातले होते की नाही. पिंपं बांधणारा कूपर सांगतो की फळ्याच किडक्या होत्या, म्हणजे दोष व्यापाऱ्याचा. आणि खलाशांचा पगार भाड्यावर अवलंबून असायचा. भाडं बुडालं की पगारही बुडाला. त्यामुळे खलाशीही तटस्थ नाहीत.

युद्धातल्या जप्तीच्या खटल्यांत प्रश्नांची जातच वेगळी. १६५२ ते १६५४च्या इंग्रज-डच युद्धात पकडलेल्या जहाजाच्या नाखुद्याला विचारत: जन्म कुठला, कुटुंब कुठे राहतं, जहाज कुणाच्या मालकीचं, माल कुणासाठी, कागद पाण्यात फेकले का? डच माल तटस्थ बंदरातल्या माणसाच्या नावे दाखवणं ही तेव्हाची सर्रास युक्ती होती. सॅमसन, साल्वादोर आणि सेंट जॉर्ज या चांदी भरलेल्या जहाजांचा खटला याच काळातला आणि याच मुद्द्यावरचा. एकाच जहाजावरच्या चार जणांची उत्तरं ताडून पाहिली की कुठे पढवलेलं आहे ते चटकन दिसतं.

तारखांत हमखास घोटाळा होतो. इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणजे फेब्रुवारी १६५६ लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने १६५७. शिवाय इंग्लंडची तारीख ॲमस्टरडॅमच्या १० दिवस मागे. मापांचंही तेच: दारूचा 'टन' हे वजन नव्हे, पिंपाचं माप; एक टन म्हणजे २ पाइप किंवा ४ हॉग्जहेड (ही लहान पिंपं), म्हणजेच २५२ गॅलन. भाषेची अडचण १६५०च्या दशकात सर्वात कमी, कारण १६५०च्या कायद्याने न्यायालयांचं लॅटिन बंद करून इंग्रजी आणलं. १६६०नंतर मथळ्यांत लॅटिन परत येतं. सुरुवात म्हणून १६५०च्या दशकातलं बाड घ्या.

शोधताना एका स्पेलिंगवर थांबू नका. सुरतेला कधी एक 'आर', कधी दोन. 'यू' आणि 'व्ही', 'आय' आणि 'जे' अदलाबदल होतात. मूळ पान वाचायचं असेल तर लांब 'एस' हा 'एफ'सारखा दिसतो हे लक्षात ठेवा. मोडी वाचणाऱ्यांना ही नजर लवकर बसेल, कारण तिथेही अक्षर एकेकटं न पाहता हाताच्या वळणावरून ओळखावं लागतं.

कोकणच्या अभ्यासकांनी १६३०च्या दशकाची बाडं जरूर मागवावीत. कोर्टीनच्या मंडळीची (ईस्ट इंडिया कंपनीची प्रतिस्पर्धी इंग्रज व्यापारी संघटना) जहाजं १६३६मध्ये गोव्याला आली, पुढे राजापूर आणि कारवारशी त्यांचा व्यापार चालला.

क्यूला जाणार असाल तर ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा घेऊन वाचकपत्र काढा. ते मोफत आहे. बाडं आधीच नोंदवून ठेवा. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे पडत नाहीत. मात्र सूचीत 'एचसीए १३'च्या बहुतेक बाडांपुढे नुसता काळ दिलेला असतो, नाखुद्याचं किंवा जहाजाचं नाव नाही. तेव्हा नाव आधी मरीनलाइव्ह्जवर शोधा, तिथून बाड आणि पानाचा क्रमांक टिपून घ्या, आणि मगच क्यूला मागणी नोंदवा.